डोक्यावर हात ठेवून

‘नस दबली’ हे दोन शब्द आपल्या बायकांच्या बोलण्यात दिवसातून किती वेळा येतात, याचा कधी हिशेब केलाय तुम्ही? भिशीत कुणीतरी हात चोळत बसलेली असते, शाळेच्या स्टाफरूममध्ये एखादी मान धरून येते, आणि निदान तयारच असतं. पण ही नस म्हणजे नक्की काय, असं विचारलं तर एक म्हणते रक्ताची शीर, दुसरी म्हणते स्नायूचा दोर. ती दबते कुठे, कशाखाली, हे तर कुणीच सांगत नाही. मी बी. ए. झाले, आठवड्यातून काही तास मुलींना इतिहास शिकवते. पण माझ्याच मानेचा भूगोल मला पस्तिशी उलटल्यावर कळला. तोही मान दुखली म्हणून.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. उजव्या खांद्याच्या फऱ्यात ठणका लागायचा आणि तिथून एक तार दंडावरून थेट अंगठ्यापर्यंत जायची. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर. पोळी लाटताना फारसं जाणवत नसे, पण फळ्याच्या वरच्या ओळी लिहायला मान वर केली, की खडू हातातून सुटायचा. आमची नोकरी तासिका तत्त्वावरची. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. मुलाच्या क्लासची फी त्याच पैशातून जाते, तेव्हा ‘जरा विश्रांती घे’ हा सल्ला देणाऱ्यांचं मला कौतुक वाटायचं.

उपाय सुचवणारे खूप. निर्गुडीचं तेल झालं, विटेचा शेक झाला. शेजारच्या काकूंनी तर एक मान मोडून देणारा माणूस सुचवला, ‘एक झटका देतो, की मोकळं!’ म्हणे. मी गेले नाही, आणि बरं झालं गेले नाही. का ते पुढे सांगते.

मला आराम पडायचा तो फक्त एकाच तऱ्हेनं. उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला, की ठणका ओसरायचा. मग काय, टीव्हीपुढे, भाजी निवडताना, रात्री गादीवर, मी आपली डोक्यावर हात ठेवून! सासूबाईंना ते मुळीच खपेना. ‘काहून गं अशी डोक्याला हात लावून बसतेस भरल्या घरात? काय बुडालंय आपलं?’ ह्यांनाही वाटलं, की बाईसाहेब कशावर तरी रुसल्या आहेत.

नणंदेचा मुलगा इथंच मेडिकलला शिकतो. नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच, आणि दुसरं ते ‘मेयो’. तो रविवारी जेवायला आला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मामी, हात खाली घे बरं. आता दुखतंय? परत वर ठेव. आता?’ मग हसून म्हणाला, ‘तू जे करतेस ना, ते आमच्या पुस्तकात आहे.’ डोक्यावर हात ठेवल्यानं मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूवरचा ताण सैल होतो म्हणे. दवाखान्यात डॉक्टर मुद्दाम तसं करायला लावून बघतात.

पुढच्या रविवारी तो सीनियरकडून मिळालेले मानेचे मणके घेऊन आला. दोरीत ओवलेले, हस्तिदंतासारखे पिवळट. सासूबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. ‘कुणाच्या अस्थी आणल्यास रे घरात?’ स्वयंपाकघरात नाहीत, जेवणाच्या टेबलावर नाहीत, असं ठरून शेवटी ओसरीत वर्तमानपत्रावर ते मांडले. तो म्हणाला, ‘आजी, कुणाचं तरी शरीर मिळालं म्हणून आम्हांला शिकता येतं.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुरून हात जोडले आणि पायरीवर बसून ऐकू लागल्या.

मानेत मणके सात. (जिराफाच्या मानेतही सातच, हे ऐकून माझा मुलगा दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला.) पण मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या मात्र आठ! माझ्यातली मास्तरीण लगेच अडली, बाकं सात तर मुली आठ कशा? तर पहिली जोडी कवटी आणि पहिला मणका यांच्यामधून निघते, आणि आठवी मानेच्या सातव्या आणि पाठीच्या पहिल्या मणक्यामधून. म्हणून मानेत पहिल्या सात मज्जातंतूंना त्यांच्या खालच्या मणक्याचा नंबर मिळतो, आणि पाठीपासून पुढे वरच्या मणक्याचा. पहिल्या दोन जोड्यांना खिडकीच नाही. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये गादी नसते. तिथली रचना मान वळवण्यासाठी निराळी केलेली आहे. आपण ‘नाही’ म्हणून मान हलवतो, त्यातलं निम्मं वळण त्या एका सांध्यावर होतं. खऱ्या खिडक्या सुरू होतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामध्ये. एका बाजूला सहा, दोन्हीकडच्या मिळून बारा.

खिडकी म्हटलं तरी नुसतं भोक नव्हे हं. महालातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीत कसा झरोका असतो, आत शिरलं की हातभर पुढे बाहेर उघडणारा, तसा हा छोटासा बोगदा. उंची साधारण एक सेंटिमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. आणि तो सरळ बाजूला उघडत नाही. तिरका, पुढे आणि किंचित खाली उघडतो. म्हणूनच एक्स-रे काढताना आपल्याला तिरकं उभं करतात. समोरून किंवा नुसतं बाजूनं फोटो घेतला, तर ह्या खिडक्या नीट दिसतच नाहीत.

मला खरी गंमत वाटली ती चौकटीची. वर आणि खाली मणक्यांचे हाडाचे दांडे, ते पक्के. पण पुढची बाजू म्हणजे मणक्यांमधली गादी आणि तिच्या कडेचा एक चिमुकला सांधा, आणि मागची बाजू म्हणजे मणक्यांना जोडणारा दुसरा सांधा. म्हणजे चार बाजूंपैकी दोन हलत्या! मान खाली वाकवली की खिडकी थोडी उघडते. मागे टाकली किंवा त्याच बाजूला कलवली की ती लहान होते. भाच्यानं दोन मणके माझ्या हातात देऊन ते करायला लावलं. मणका मागे कलला आणि माझ्या डोळ्यांसमोर ती फट बारीक झाली. मला माझा फळा दिसला. वर बघायचं, उजवीकडे कलायचं, आणि खडू धरायचा!

गादीच्या कडेच्या त्या सांध्याला लुष्का ह्या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. वय वाढलं की गादी सुकून बसकी होते, ह्या सांध्याच्या कडेला हाडाची बारीक कंगोरी फुटते आणि ती थेट खिडकीत शिरते. कधी गादीच फुगून आत येते. मज्जातंतू खिडकीच्या तळाशी असतो. वरच्या भागात थोडी चरबी आणि बारीक शिरा. सरकायला जागा फारशी नाही. आपण ज्याला ‘नस दबली’ म्हणतो, ते हे. अंगठा आणि पहिलं बोट बधिर असेल तर बहुधा सहावा, मधलं बोट तर सातवा, करंगळी तर आठवा. बोटावरून खिडकी ओळखता येते!

आणि मान मोडण्याचं. मणक्यांच्या बाजूंना आणखी वेगळी भोकं असतात. सहाव्या मणक्यापासून वर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्यांतून, आपल्या खिडक्यांच्या अगदी पुढून जाते. झटक्यानं ती आतून फाटली, तर मेंदूचा रक्तपुरवठा अडू शकतो. काकूंना सांगितलं मी. त्यांना पटलं नाही.

धंतोलीत एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी मान मागे, उजवीकडे कलवून डोक्यावर हलकेच दाब दिला आणि तार सरकन अंगठ्यापर्यंत गेली. ही तपासणी स्पर्लिंग आणि स्कोव्हिल ह्या दोन अमेरिकन शल्यवैद्यांनी १९४४ साली लिहून ठेवलेली. एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली उजवी खिडकी अरुंद. ‘ऑपरेशन?’ ह्यांचा पहिला प्रश्न. माझ्या डोक्यात मुलाची परीक्षा, सासूबाईंचं पथ्य, आणि माझे तास दुसरीला जातील ते. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो, थांबू या. पण हाताची ताकद कमी होत गेली, ब्लाउजची हुकं लावता येईनात, चालताना पाय अडखळले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबायचं नाही, कारण मग प्रश्न खिडकीचा नसून आतल्या मज्जारज्जूचा असतो. आणि दुखणं डाव्या हातात असेल, सोबत छातीत दाटणं, घाम, दम लागणं असेल, तर मान वगैरे विसरून आधी हृदय दाखवायचं.

हे ऐकल्यापासून मी रोज सकाळी हुकं लावताना मोजत असे. लागली! आजही लागली!

औषधं घेतली, व्यायाम शिकले, उशी पातळ केली. वरच्या फळीवरचे डबे खाली आणले. वाळत घालायची दोरी ह्यांनी वीतभर खाली बांधून दिली. आता त्यांचंच डोकं तिला लागतं आणि ते कुरकुरतात. फळ्याच्या वरच्या ओळी वर्गातली एक उंच मुलगी लिहिते. तिचं अक्षर माझ्याहून बरं आहे, असं बाकीच्या मुली म्हणतात.

दहाव्या आठवड्यात ठणका गेला. अंगठ्याच्या टोकाशी अजून थोडी बधिरता आहे. कणीक मळताना पीठ ओलसर की कोरडं, हे मी आता डाव्या हातानं बघते. गंमत म्हणजे, परवा सासूबाईंच्याच उजव्या खांद्यात कळ आली. मी काही बोलले नाही. पण दुपारी ओसरीत त्या एकट्याच बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून, डोक्यावर हात ठेवून. मी भाच्याला फोन लावला.