धोरण आणि घोडा

बुद्धिबळ खेळणाऱ्यांत दोन पंथ असतात : धोरणवाले आणि मोजणारे. धोरणवाला पटाकडे जरा मागे रेलून बघतो. पटाचा मध्य ताब्यात घ्यावा, उंटांना वाट मोकळी करून द्यावी, राजाला वेळेवर कोटात बसवावं, असे त्याचे उदात्त विचार चाललेले असतात. मोजणारा मात्र पटावर ओणवा होऊन पुटपुटतो, ‘मी मारलं, त्यानं मारलं, मी शह दिला, त्याचा राजा कोपऱ्यात...’ लांबून बघणाऱ्याला वाटावं, वाण्याची उधारी तपासतोय!

आमचे सासरे कट्टर धोरणवाले. महसूल खात्यात तीस वर्षं काढलेली. “जावईबापू, मोजणं हे कारकुनाचं काम,” असं ते मला ऐकवतात. मी कारकूनच असल्यामुळे वाद घालत नाही.

परवा त्यांनी आमच्या दहा वर्षांच्या कन्येविरुद्ध असंच एक भव्य धोरण आखलं. प्यादी शिस्तीत पुढे, हत्ती मोकळे, सगळं पंचवार्षिक योजनेसारखं देखणं. अकराव्या चालीला कन्येनं घोडा उचलला. “आजोबा, शह! आणि पुढच्या खेपेला वजीर माझा.” घोडा अडीचच घरं चालतो, पण तेवढ्यात पाच वर्षांची योजना आडवी झाली. सासऱ्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

तसं मोजणंही सोपं नाही हो. सुरुवातीला पांढऱ्याला 20 चाली शक्य असतात, काळ्यालाही 20. म्हणजे एकेक चाल झाली, की 400 प्रकारचे पट. पांढऱ्याची दुसरी चाल धरली, की खेळाच्या वाटा 8,902! 1997 साली कास्पारोव्हला हरवणारा ‘डीप ब्लू’ संगणक सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासायचा. माणूस तपासणार दोन-तीन वाटा. त्या कुठल्या, हे धोरण सांगतं. आणि त्या वाटेवर खड्डा आहे का, हे मोजणी सांगते. गावाला जाताना दिशा माहीत असावी हे खरंच. पण पाय मुरगळतो तो दिशेमुळे नव्हे, खड्ड्यामुळे.

हल्ली सासरेही चालीआधी ओठ हलवतात. विचारलं तर म्हणतात, “रामरक्षा म्हणतोय.”

काल त्या रामरक्षेत मला ‘हत्तीनं मारलं, उंटानं मारलं’ असं स्पष्ट ऐकू आलं.