डबक्यांखालचं सोनं

मुलांनो, युरोपचा नकाशा समोर घ्या. फ्रान्सच्या मध्यापासून थोडं नैर्ऋत्येला लिमोझँ नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. हिरवी कुरणं, तांबूस गाई, आणि रानात जागोजागी लांबट खड्डे. काहींची पाणी साचून डबकी झालेली. तिथल्या काही जागांची नावं लोरियेर, ओरियेर अशी. लॅटिन भाषेत सोन्याला म्हणतात 'औरम'. आहे की नाही गंमत?

दोन हजार वर्षांपूर्वी इथे केल्ट लोक राहत. रोमन लोक त्यांच्या देशाला गॉल म्हणत. इ.स.पू. पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डिओडोरस लिहितो, की गॉलमध्ये चांदी नाही, पण सोनं भरपूर! नद्याच ते डोंगरातून वाहून आणतात. लोक धुऊन कण वेगळे करतात. आपल्याकडे सराफाच्या दुकानापुढची धूळ धुणारे झारेकरी असतात ना, तसंच. खाणी खणायचे कष्टच नकोत म्हणे!

पण नदीत सोनं येतं कुठून? हे भूगर्भशास्त्राला विचारायचं. जमिनीखाली खोल खडकांच्या भेगांतून गरम पाणी वर येतं. त्यात विरघळलेली गारगोटी भेगांत थिजते आणि तिच्यासोबत थोडं सोनंही. ऊन-पावसाने खडक झिजला, की ते कण ओढ्यात उतरतात. म्हणजे नदीच्या उलट दिशेने वर चढत गेलं, की गारगोटीची ती पांढरी शीर सापडायला हवी. लिमोझँमधले खड्डे नेमके अशा शिरांवरच आहेत!

असे सुमारे अडीचशे खड्डे तिथे आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस खाण कंपन्या त्याच शिरांच्या मागे आल्या, तेव्हा बेआत्रीस कोवे या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही खड्ड्यांचं उत्खनन केलं. आत निघाले बोगदे आणि छत पेलणारे लाकडी टेकू! पाण्यात राहिल्यामुळे लाकूड कुजलं नव्हतं. त्यावरून काळ कळला, इ.स.पू. पाचवं ते पहिलं शतक. अंधारात खडक फोडायचा, तो वर काढायचा, कुटायचा, दळायचा, धुवायचा. तेव्हा कुठे चिमूटभर सोनं. नद्यांचं डिओडोरसने बरोबर सांगितलं, कष्टांचं मात्र साफ चूक.

इ.स.पू. ५८ ते ५० या काळात ज्युलियस सीझरने गॉल जिंकलं. त्याने इतकं सोनं लुटून नेलं, की इटलीत तो ते स्वस्तात विकू लागला, असं स्वेटोनियस हा रोमन लेखक सांगतो. लिमोझँच्या खाणीही त्याच शतकात ओस पडल्या आणि त्यांत हळूहळू पाणी भरत गेलं.