पाण्याखालचे बार

सोलापूर जिल्ह्यातल्या मैंदर्गीच्या बाजारात सुकट आणि बोंबील हमखास मिळतात. समुद्र मात्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांच्या पुढे. इथल्या पुष्कळ माणसांनी तो पाहिलेला नाही. तरी ट्रॅक्टर, बोअरची गाडी, सोलापूरची एस. टी. सगळं डिझेलवर चालतं, आणि देशात निघणाऱ्या कच्च्या तेलाचा मोठा वाटा त्याच समुद्राच्या पोटातून येतो. त्या तेलाच्या शोधात पाण्याखाली काय चालतं, हे विचारायचा हक्क आणि जबाबदारी आपलीही आहे.

*

१९६०च्या दशकात ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरच्या रशियन आणि भारतीय तंत्रज्ञांनी खंभातच्या आखाताकडचा समुद्रतळ तपासला. त्यात मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर तळाखाली एक मोठा उंचवटा सापडला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगनं तिथे तेल काढून दाखवलं. तेच बॉम्बे हाय. तिथल्या चुनखडीच्या थरांखाली दख्खनचा काळा पत्थर आहे. आमच्या विहिरी खोदताना लागतो तोच.

*

आता हा शोध कसा घेतात ते. जहाजामागे हवेच्या तोफा ओढत नेतात. त्यात दाबून भरलेली हवा एकदम सोडली की पाण्यात बार होतो. तो आवाज तळ फोडून खालच्या थरांवर आपटतो, परत येतो, आणि जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब तरंगणाऱ्या केबलींमधले कान तो टिपतात. त्यावरून खाली काय दडलंय त्याचा नकाशा तयार होतो. दर दहा-पंधरा सेकंदांनी एक बार. रात्रंदिवस. आठवडेच्या आठवडे.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो आणि फार लांब टिकतो. अटलांटिकमध्ये ठेवलेल्या यंत्रांनी चार हजार किलोमीटरवरचे असे बार नोंदवले आहेत. देवमासे, डॉल्फिन यांना खोल पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. जोडीदार, पिल्लू, भक्ष्य, वाट, सगळं ते कानांनी शोधतात. बाराच्या जवळ सापडलेल्या प्राण्याचा कान जाऊ शकतो. दूरच्याला आपल्याच पिल्लाची हाक ऐकू येत नाही, आणि हे दुसरं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

*

२००१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजांची ये-जा थंडावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्यातला गोंगाट ६ डेसिबलनं उतरला, आणि त्याच दिवसांत तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं कमी आढळली. म्हणजे एरवी ते प्राणी सतत ताणात जगत होते. आणि हा गोंगाट नुसत्या जहाजांचा होता, तोफांचा नव्हे.

*

फक्त मोठ्या प्राण्यांचा प्रश्न असता तरी पुरेसा होता. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टास्मानियाजवळच्या प्रयोगात एकाच तोफेच्या बारांनंतर १.२ किलोमीटरपर्यंत प्राणिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांची, मर वाढलेली दिसली. क्रिल या कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं तर सगळी मेली. त्याआधी, १९९० च्या दशकात, नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात कॉड आणि हॅडॉक हे मासे मोजले. तोफा चालल्यावर ३० किलोमीटरहून दूरपर्यंत ट्रॉलरची पकड निम्म्यावर आली. मासे मेले असं नाही, पळाले. ज्याच्या जाळ्यात ते यायचे त्याला मात्र दोन्ही सारखंच.

*

पालघर, मुंबई, रायगडचे मच्छीमार तेलाच्या या शोधाला ‘सिस्मिक सर्वे’च म्हणतात. सर्वे सुरू झाला की पुढे चालणाऱ्या बोटी जाळी उचलायला सांगतात. डोल जाळी म्हणजे खुंटाला बांधलेली, जागच्या जागी उभी. ती म्हणता म्हणता उचलता येत नाही. केबलीत अडकली तर गेली. नुकसानभरपाईची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झाला, याचा मला आनंद आहे. पण त्याच्या अंड्यांच्या हंगामात त्याच्या पाण्यात शांतता राहील, एवढी तरी हमी त्या मानाबरोबर यायला हवी होती.

*

लुबान. ओमानच्या मसिराह बेटाजवळ नोव्हेंबर २०१७ मध्ये उपग्रहाची खूण लावलेली हंपबॅक देवमाशाची मादी. डिसेंबरात ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून दक्षिणेला गेली, आणि पुढे परत फिरली. तिच्या गटातले देवमासे इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. ओमानजवळ त्यांचा अंदाज शंभराच्या आत. म्हणजे आपल्या किनाऱ्यासमोर बार उडतो तेव्हा तो मोजक्या उरलेल्यांच्या एकुलत्या एका घरात उडतो.

*

नोव्हेंबर २०२३. गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं. गावकरी, वनखातं, पोलीस, सगळे दीड-दोन दिवस झटले. खोल पाण्यात नेऊन सोडलं, तरी वाचलं नाही. त्याचा दोष सर्वेक्षणावर टाकायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी टाकणार नाही. पण पुरावा मिळवायचा कसा, हे लिहून ठेवतो. आतल्या कानाच्या पेशी मेल्यानंतर काही तासांत नासू लागतात. म्हणून किनाऱ्यावर लागलेल्या प्रत्येक देवमाशाचा कान ताबडतोब काढून जपणारी माणसं प्रत्येक किनारी जिल्ह्यात हवीत, आणि त्या दिवसांत कुठलं सर्वेक्षण कुठे चालू होतं, ती नोंद सर्वांसाठी खुली हवी.

*

कायदा काय म्हणतो? देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत. दुसऱ्या बाजूला, पर्यावरण मंजुरीच्या नियमांतल्या १६ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीनं तेल-वायूचा शोध बी-२ गटात गेला, आणि त्या गटात जनसुनावणी नसते. वाघाच्या जंगलाशेजारी इतका आवाज करायचा असता तर गावाला न विचारता करता आला असता का?

*

दक्षिण आफ्रिकेच्या वाइल्ड कोस्टवरच्या गावांनी शेल या तेल कंपनीला कोर्टात खेचलं. मखांडाच्या उच्च न्यायालयानं २८ डिसेंबर २०२१ रोजी सर्वेक्षण थांबवलं आणि १ सप्टेंबर २०२२ रोजी शोधाचा परवानाच रद्द ठरवला. एक कारण असं की कंपनी गावांच्या राजांशी आणि प्रमुखांशी बोलली, गावाशी नाही. समुद्रात आपले पूर्वज राहतात, ही तिथल्या लोकांची श्रद्धाही न्यायालयानं जमेस धरली. पुढे वरच्या न्यायालयानं कंपनीला परवान्याच्या नूतनीकरणाची वाट मोकळी ठेवली. लढाई तिथे संपली नाही. पण मच्छीमारांचं म्हणणं कोर्टाला ऐकावं लागलं.

*

उपाय अवघड नाहीत. आवाज हळूहळू चढवायचा, म्हणजे प्राण्यांना निघून जायला वेळ मिळतो. जहाजावर स्वतंत्र निरीक्षक ठेवायचे. ५०० मीटरच्या आत देवमासा दिसला तर बार सुरू करायचा नाही. ब्रिटनमध्ये अशी मार्गदर्शक तत्त्वं १९९५ पासून आहेत. रात्री आणि खवळलेल्या पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा पाण्यात कान लावून ऐकणारी यंत्रं हवीत. ती नसतील तर काम थांबवावं. आणखी एक. २०१७ पासून देशात जुन्या सर्वेक्षणांची माहिती एकत्र साठवणारं राष्ट्रीय भांडार आहे. जिथला नकाशा तिथे आधीच पडलेला आहे, तिथे नवा बार कशासाठी, याचं लेखी उत्तर कंपनीनं आधी द्यावं. आणि ते मराठीत, सातपाटीच्या आणि मालवणच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर, जहाज बंदरातून सुटायच्या आधी लागावं.