हेगचे फोटो आणि बीडचं कुलूप

ज्या संशोधन संस्थेत मी पूर्वी काम केलं, तिथली मंडळी ऑक्टोबर २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या हेगला जागतिक सांख्यिकी परिषदेला जाऊन आली. दर दोन वर्षांनी भरणारी ही परिषद. ती भरवणारी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्था १८८५ सालची! ग्रुपवर फोटो आले, मीही अभिनंदन केलं. अगदी मनापासून.

पण एका फोटोत पडद्यावर सर्वेक्षणाचा तक्ता दिसला आणि मला बीड जिल्ह्यातलं एक कुलूप आठवलं.

मी तेव्हा घरोघर फिरून प्रश्नावली भरायचो. यादीतलं घर बंद. माणसं ऊसतोडीला गेलेली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आमचंच लिवून घ्या की." नियम असा, की बदली घर घ्यायचं नाही. पुन्हा पुन्हा जायचं, नाहीच भेटले तर 'घर बंद' लिहायचं. सुपरवायझर म्हणाला, "भर रे, कोण बघतंय?" मी नाही भरलं. बोलणी खाल्ली.

कारण साधं आहे. कुलूप बहुतेक वेळा पोटासाठी गाव सोडणाऱ्याच्याच दाराला असतं. त्याच्या जागी शेजारी मोजला की गाव कागदावर सुखी होतं.

२०२१ ची जनगणना वेळेत झाली नाही. त्यामुळे कित्येक सर्वेक्षणांचे नमुने इतकी वर्षं २०११ च्याच आकड्यांवरून निवडले गेले.

म्हणून संस्थेला एकच विनंती. पुढच्या परिषदेत किती दारं बंद होती, तेही सांगा.

आणि आपण? मोजणारा दारात आला की त्याला पाणी विचारा. आणि खरं सांगा.