पडद्यामागचा सिनेमा आणि शिराळ्याची वाट

मे महिना उजाडला की आमच्या घरात एकच वाद सुरू होतो. सुट्टीत जायचे कुठे? थोरलीला महाबळेश्वर हवे असते, धाकट्याला गोवा. कारण गोव्यात सगळे लोक फुटबॉल खेळतात असे त्याने कुठेतरी ऐकले आहे. यंदा हा वाद आईने मिटवला. ती म्हणाली, "मला एकदा माहेर दाखवा. पुन्हा जमंल न जमंल." आईने ऐंशी ओलांडली आहे. त्यापुढे कोण काय बोलणार?

आईचे माहेर सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात, एका लहानशा वाडीत. आम्ही दोघे, दोन मुले आणि आई असे पाच जण निघालो. सामानात धाकट्याने आपला चेंडू कोंबला. थोरलीने एक कोरी वही घेतली. सुट्टीत रोज पाच ओळी रोजनिशी लिहायची असे शाळेतून सांगितले होते. वही उघडून ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "रोज काय लिहायचं? आपल्या घरात काही घडतच नाही."

वाचकहो, हेच वाक्य आम्हीही आयुष्यभर म्हणत आलो आहोत. आमच्या वडिलांनी कधी दोन ओळी लिहून ठेवल्या नाहीत. ते गेले तेव्हा घरात त्यांचे एक रेशनकार्ड आणि एक पुसट फोटो, एवढेच उरले. ते गाव सोडून कसे निघाले, पहिली रात्र शहरात कुठे काढली, हे विचारायचे राहून गेले. आता सांगणारा उरला नाही.

स्वारगेटहून एस. टी. निघाली. साताऱ्यात गाडी थांबली तेव्हा मुलांना सांगितले, बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच गावातल्या शाळेत घातले गेले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. पुढे उंब्रजला डाव्या हाताला मसूरकडे जाणारा फाटा लागतो. तो दिसला आणि आम्हाला राहवले नाही. १९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे. वडील गोरेगावला नोकरीवर होते. त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे, अशी ही मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीत बसली. उतरली मसूर स्थानकावर. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. गाडीवानांपैकी कोणी त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन एक तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बरोबर पायी चालणार. सोबत भाकरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

हे आम्हाला माहीत आहे ते कशामुळे? पुष्कळ वर्षांनी बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात ते आहे. १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले आणि आज अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी ते अभ्यासतात. त्यात लढाई नाही की सभा नाही. आहे तो चार लहान मुलांचा एक प्रवास. नवे कपडे, बैलगाडी आणि पाणी. धाकटा खिडकीतून मसूरच्या फाट्याकडे मागे वळून पाहत राहिला. मग त्याने आपली पाण्याची बाटली आजीपुढे केली. "तहान नाय लागली," म्हणत आईने दोन घोट घेतले.

कऱ्हाड मागे पडले, पेठ नाका आला. तिथून उजवीकडे वळले की महामार्गाचा गोंगाट संपतो आणि शिराळ्याचा मुलुख सुरू होतो. हा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे आईच्या तोंडी अजून कधी "आमचा सातारा" येते, तर कधी "आमची सांगली." दोन्ही खरेच आहे.

गावाच्या पाटीवर ३२ शिराळा असे लिहिलेले दिसते. मोरणा नदीच्या काठचे हे गाव. भुईकोट किल्ला, गोरक्षनाथांचे स्थान, समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती अशी पाहण्याची ठिकाणे इथे आहेत. पण शिराळा म्हटले की जगाला आठवतो तो नाग. नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा आणि मिरवणूक करण्याची इथली रीत दूरदूरच्या लोकांना ठाऊक होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ पासून जिवंत नागांच्या पूजेला बंदी आली. २०२५ साली केंद्र सरकारने २१ नाग पकडायला परवानगी दिली, ती केवळ अभ्यास आणि शिक्षणासाठी. आम्ही मुलांना एवढेच सांगितले की नाग दूध पीत नाही. उंदीर आणि बेडूक हे त्याचे खाणे. शेतातला उंदीर तो मारतो, म्हणून त्याला शेतात राहू देणे हाच त्याचा खरा मान.

गाडी पश्चिमेकडे निघाली तशी डोंगराची रांग जवळ आली. शिराळा तालुक्याची दक्षिण बाजू वारणा नदीने आखलेली आहे. पलीकडे कोल्हापूर जिल्हा. वर चांदोलीला वारणेवर मातीचे मोठे धरण आहे आणि त्यामागे राष्ट्रीय उद्यान. आज ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मे महिन्याच्या अखेरीस या भागात एक वेगळीच गडबड असते. पाऊस पडण्याआधीच कोरड्या मातीत भाताची पेरणी करतात. तिला धूळवाफ पेरणी म्हणतात. कुरीमागे धूळ उडत होती. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "हितं आमी रोजानं जायचो," ती म्हणाली. कोणाच्या शेतात, किती रोजाने, हे ती आपण होऊन बोलली नाही. थोरलीने विचारले तेव्हा सांगितले, आणि वहीत पहिल्या पाच ओळी पडल्या.

वाडीत मामेभाऊ वाट पाहत होता. "जय भीम, आत्या!" म्हणत त्याने आईच्या हातातली पिशवी घेतली. घर आता सिमेंटचे आहे. ओसरीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर. आई उंबऱ्यात थबकली, भिंतीला हात लावून पाहिला. जुनी मातीची भिंत कुठे होती ते ती मनातल्या मनात मोजत असावी.

धाकट्याला धीर कुठला? कोल्हापूर जवळ आहे, म्हणजे इथली सगळी पोरे फुटबॉल खेळत असणार, असा त्याचा हिशेब. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. कोल्हापुरात फुटबॉल तालमीतून वाढला. कुस्तीच्या तालमींच्या नावानेच तिथले संघ मैदानात उतरतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे ऐकली की आखाडा आठवतो, पण सामना असतो तो फुटबॉलचा, शाहू स्टेडियमवर. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० सालची. भारतात २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. धाकट्याला हे सारे तोंडपाठ आहे.

वाडीतल्या पोरांना मात्र कबड्डी जास्त प्यारी. तरी चेंडू पाहताच दहा-बारा जण जमले. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे, झाले गोल. कोणाच्या पायात चप्पल, कोणी अनवाणी. खेळता खेळता चेंडू उडाला आणि वरच्या आळीतल्या एका वाड्याच्या आवारात पडला. आम्ही ओसरीवरून पाहत होतो. आईचा हात एकदम घट्ट झाला. पण पोरे थांबलीच नाहीत. एक जण गडग्यावरून उडी मारून आत गेला. आतून एका बाईचा आवाज आला, "अरं, फुलझाडं तुडवू नका!" आणि चेंडू परत आला. घडले ते एवढेच.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "फुलझाडावरनंच ओरडली व्हय?"

रात्री जेवणे झाल्यावर भाच्याने टीव्हीवर 'झुंड' लावला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट मार्च २०२२ मध्ये आला. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉलची जी चळवळ उभी केली, तिच्यावर तो बेतलेला आहे. अमिताभ बच्चन यांनी त्या शिक्षकाची भूमिका केली आहे. वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामध्ये एक भिंत आहे. भिंतीपलीकडे हिरवे मैदान, अलीकडे वस्ती. वस्तीत बाबासाहेबांची जयंती साजरी होते, आणि तसबिरीपुढे अमिताभ हात जोडून उभे राहतात. तो प्रसंग आला तेव्हा घरात कोणी पापणी लववली नाही. इतकी वर्षे हिंदी सिनेमा पाहिला, पण आपल्या ओसरीवरची तसबीर मोठ्या नटाच्या समोर पडद्यावर क्वचितच पाहिली होती.

आई खुर्चीत बसली होती, अगदी पुढे. मध्येच म्हणाली, "ह्यात सगळी उजव्या हातानं जेवत्यात."

आम्हाला काही कळेना. डोळ्यांना कमी दिसते म्हणून काही बोलत असेल असे वाटले. मग तिने सांगितले. ती आठ-नऊ वर्षांची असताना शेजारच्या गावी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. आजोबांच्या खांद्यावर बसून ती गेली होती. वस्तीतली माणसे पडद्याच्या मागे बसली. मागून चित्र दिसते, पण सगळे उलटे. अक्षरे उलटी, माणसे डाव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने तलवार चालवतात. "मला बरंच वर्सं वाटायचं, सिनेमातली मानसं डावरीच असत्यात."

मुले खो खो हसली. आईही हसली. मग धाकट्याने विचारले, "पण आजी, तुम्ही मागे का बसलात?"

आईने पदर सारखा केला. "पुढं जागा न्हवती," ती म्हणाली. "मागं हुती."

तिकिटाला पैसे नव्हते म्हणून, की आणखी कशामुळे, तिने सांगितले नाही. आम्हीही खोदून विचारले नाही. थोरलीने मात्र न सांगता वही उघडली. त्या रात्री तिने पाच नव्हे, दोन पाने लिहिली.

परतताना आम्ही वाट थोडी वाकडी करून वाळवा तालुक्यातल्या वाटेगावला गेलो. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म इथे १ ऑगस्ट १९२० रोजी झाला. शाळा दीड दिवसाची. लहान वयात आईवडिलांबरोबर पायी चालत ते मुंबईला गेले. तिथे गिरणीत राबले, चळवळीत उतरले, आणि हाती लागेल त्या कागदावर लिहीत राहिले. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासाचेही पुस्तक लिहिले. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. 'वारणेचा वाघ' १९७० साली पडद्यावर आला, तो पाहायला अण्णा भाऊ नव्हते. जुलै १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले होते. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने वारणाकाठची माणसे शब्दांत धरून ठेवली, म्हणून ती पडद्यावर पोहोचली. आमच्याकडे पदव्या आहेत, पेन आहेत, आता तर खिशातल्या फोनमध्ये आवाजही साठवता येतो. तरी आमच्या वडिलांची एक ओळ आमच्याजवळ नाही.

सांगायचा मुद्दा असा. आपल्याकडे जयंतीचे कार्यक्रम होतात, भाषणे होतात, त्यांचे वृत्तांत छापून येतात. ते हवेच. पण वाड्याच्या आवारात पडलेला चेंडू कोण आणायला गेला, सिनेमा पडद्याच्या कोणत्या बाजूने पाहिला, प्रवासात पाणी कोणी दिले आणि कोणी दिले नाही, ही गोष्ट कोणत्याही वृत्तांतात येत नाही. आणि काय बदलले, किती बदलले, हे नेमके तिथेच कळते. आईच्या लहानपणी त्या आवारात पाय टाकायची छाती नव्हती. परवा ओरडणाऱ्या बाईला काळजी होती ती फक्त फुलझाडांची. हा फरक मोजायला दोन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात, पहिलीही आणि दुसरीही. एकच लिहिली तर उद्याच्या मुलांना दुसरीची किंमत कळणार नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरात एक साधी वही ठेवा. वीस-पंचवीस रुपयांची पुरे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ आठवड्यातून एकदा बसा. मोठे प्रश्न विचारू नका. पहिला सिनेमा कोणता पाहिला, कुठे बसून पाहिला? शाळेत पाणी कुठे प्यायलात? गावाबाहेर पहिल्यांदा कशासाठी गेलात, कशाने गेलात? असे विचारा. सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवा. तारीख घाला. शुद्धलेखनाची चिंता नको.

घरी आल्यावर थोरलीची वही आम्ही तिच्या परवानगीने वाचली. शेवटच्या पानावर तिने लिहिले होते, "आज घरी आलो. आजी टीव्ही बघताना सगळ्यात पुढे बसली." त्या दिवशी घरात एवढेच घडले होते.