चोर्ला घाटाखाली : एका जुन्या व्हॅनची पारख

बेळगाव-खानापूरकडून गोव्यास उतरावयाच्या वाटा अनेक आहेत. आंबोलीची, तिलारीची, चोर्ल्याची आणि अनमोडची. त्यांपैकी चोर्ल्याची वाट आम्हांस विशेष जवळची, कारण जांबोटी ओलांडली की ती आमच्या ओळखीच्या रानांतून जाते. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते. त्याच परिसरातील दुसरे ओहोळ म्हादईस मिळून गोव्यातून पश्चिमेच्या समुद्रास जातात. पुढे चोर्ल्याच्या आसपास कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा यांच्या सीमा एकत्र येतात. तेथून घाट उतरू लागला की अंजुण्याच्या धरणाचे पाणी खाली चमकू लागते. मग केरी, साखळी, डिचोली करीत प्रवासी म्हापशास पोहोचतो.

ही वाट आम्ही पुष्कळदा केली आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात गेलो ते निराळ्या कामासाठी. आम्हांस एक जुनी व्हॅन विकत घ्यावयाची होती, आणि तीत सुतारकाम करून घेऊन एक लहानसे फिरते बिऱ्हाड थाटावयाचे होते.

यात थोडी हौस होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मुळाशी गरज होती. आमच्या दोन भगिनींपैकी एक बडोद्यास व दुसरी हैदराबादेस नांदते. मातोश्रींचे गुडघे आता साथ देत नाहीत. आगगाडीच्या उंच पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, आणि रात्रीच्या बसमध्ये बसून राहिले की पाय सुजतात. दर दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना घटकाभर आडवे होता आले, तर हा प्रवास त्यांना झेपेल, असे डॉक्टरांचे मत पडले. काजूच्या तीन हंगामांतून बाजूस टाकलेली रक्कम आमच्यापाशी होती. नव्या गाडीस ती पुरणारी नव्हती. आणि ती चुकीच्या गाडीत अडकली असती, तर पुन्हा तेवढी जमेपर्यंत मातोश्रींचे वय काही थांबणार नव्हते. म्हणून आम्ही घाईने गेलो नाही.

वाहनात बिऱ्हाड ही कल्पना परकीय वाटते खरी; जर्मनीत फोक्सवॅगनची डबेवजा गाडी १९५० साली निघाली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तीत निजण्याची व खाण्यापिण्याची सोय बसविण्यास आरंभ केला. परंतु आमचे वाडवडील फेस्तास बैलगाडीने जात, तेव्हा गाडीत निजत आणि गाडीशेजारी तीन दगडांची चूल मांडीत. बैल गेले, इंजिन आले. बाकी गोष्ट तीच.

खानापूरचे एक वृद्ध मिस्त्री आमच्याबरोबर आले. त्यांच्या पिशवीत विजेरी, पेचकस, जुन्या मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक आणि गाडीखाली निजण्यासाठी एक चटई होती. आमच्यापाशी एक सुतळी होती. तिला तीन गाठी मारल्या होत्या : मातोश्रींचा पाय किती उंच उचलतो त्याची पहिली, त्या बसल्या असता डोक्यापर्यंतच्या उंचीची दुसरी, आणि त्यांच्या बिछान्याच्या लांबीची तिसरी.

पहिली व्हॅन बारदेसमध्ये, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील एका गावी माडांखाली उभी होती. पांढरा शुभ्र रंग, नवे पडदे, नव्या गाद्या. पाहुण्यांना विमानतळावरून आणण्या-नेण्यात तिचे आयुष्य गेले होते. इंजिन पहिल्याच किल्लीस सुरू झाले आणि घड्याळासारखे चालू लागले. आमच्यातील तरुण मंडळींनी मनोमन तीत बिछाने घातलेही!

मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी चाकांवरच्या कमानीपासून दारांखालच्या पट्टीपर्यंत लोहचुंबक सावकाश फिरविले. वरच्या पत्र्यावर ते घट्ट चिकटे. खाली तीन-चार ठिकाणी मात्र सुटून हातात येई. "मालक, हा पत्रा नव्हे, लांबी आहे," एवढेच ते म्हणाले. गंजून पडलेल्या भोकांत लांबी भरून वर रंग दिलेला होता. नंतर ते चटई टाकून गाडीखाली शिरले. खालच्या बाजूस ताजे काळे डांबरी लेपन होते. असे लेपन वेळेवर केले तर रक्षण करते. परंतु विकण्याच्या आठवड्यात केलेले असेल, तर त्याखाली काय आहे हे विचारणे भाग पडते. मालकाच्या परवानगीने त्यांनी पेचकसाचे टोक चासीवर टेकविले. पाटे जेथे चासीस अडकविलेले असतात, त्या हँगरापाशी लोखंडाचे थर चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे सुटून आले.

मालकाने हात पसरून समुद्राकडे दाखविले, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. समुद्रावरील वारा मिठाचे सूक्ष्म कण आणतो. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते. आणि खारट ओलाव्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा फार लवकर गंजते. गाडी रोज धुतली तरी पाणी बाहेरून जाते. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, छपराची पन्हळ, काचेच्या रबराखालची कड, गालिच्याखालचा तळ, येथे मीठ बसून राहते आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून रंगावर फोड दिसेपर्यंत आतले काम उरकलेले असते. आम्ही गालिचा उचलला तेव्हा पावसाळ्यातल्या घोंगडीसारखा कुबट वास आला. आसनांचे पट्टे जेथे तळास बांधलेले असतात, त्या जागीही गंज होता. म्हणजे अपघाताच्या वेळी ज्या लोखंडाने माणसास धरावयाचे, तेच लोखंड सुटणार.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. इंजिन बिघडले तर ते उतरवून उघडता येते, त्याचे भाग मिळतात, आणि ते बसविणारा मनुष्य तालुक्याच्या गावी भेटतो. परंतु सर्वांगास गंज लागलेल्या गाडीस दुसरे अंग मिळत नाही. एकदा आत फळ्या, कपाटे व बिछाने ठोकून बसविले, की तो गंज डोळ्यांआड होतो आणि निवांतपणे वाढतो. बिऱ्हाडासाठी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच पत्रा व चासी प्रथम पाहावी, इंजिन नंतर. आम्ही मालकाचे आभार मानले, त्याने दिलेले शहाळ्याचे पाणी प्यालो आणि परत फिरलो.

दुसरी व्हॅन डिचोलीजवळ होती. हा मुलूख लोखंडाच्या खाणींचा. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. त्यानंतर काही खाणींनी पुन्हा काम धरले आहे. परंतु मधल्या वर्षांत कित्येक कुटुंबांच्या अंगणात ट्रक व गाड्या निजून राहिल्या. आम्ही पाहिलेली गाडी खाणीवरील कामगारांना ने-आण करीत असे. काम थांबल्यावर मालकाने ती कौलारू मांगरात उभी केली, आणि महिन्यातून एकदा सुरू करून अंगणात फिरविण्याचा नेम ठेवला. तिचा रंग उडालेला, गाद्या फाटलेल्या, आणि प्रत्येक खाचेत तांबडी धूळ. ती पाहून तरुण मंडळींचे चेहरे उतरले.

मिस्त्री मात्र गाडीखाली बराच वेळ राहिले आणि बाहेर येऊन प्रथमच हसले. वरवरचा गंज होता. पेचकस कोठेही आत शिरला नाही. चासीवर ठोकलेला क्रमांक नोंदणी-पुस्तकाशी अक्षरशः जुळला. वर छप्पर होते, समुद्र दूर होता, आणि धूळ धुऊन निघते.

परंतु उभी राहिलेली गाडीही निर्दोष नसते. तिचे दुखणे निराळे असते. रबर वाळते. पाण्याच्या नळ्या बोटांनी दाबताच चिरा दिसल्या. टायरांच्या नक्षीकडे पाहून ते नवे वाटत होते. परंतु टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. येथे '१२१६' होते, म्हणजे २०१६ सालच्या बाराव्या आठवड्यातील माल. सहाही टायर बदलणे आले. ब्रेकच्या रबरी भागांचेही तेच. हा सर्व खर्च आम्ही तेथल्या तेथे कागदावर मांडला आणि मालकापुढे ठेवला. त्यानेही तो मान्य केला.

इंजिन सुरू करण्यापूर्वी मिस्त्रींनी त्यावर तळहात ठेवला. ते गार होते, हे महत्त्वाचे. कारण विकणारा कधी कधी आधीच तापवून ठेवतो आणि गार इंजिनाची कुरकुर आपणांस ऐकू येत नाही. ऑईलचे झाकण उघडून पाहिले. खाली दुधाळ साय असती, तर पाणी ऑईलात मिसळते असे ठरले असते. मग किल्ली फिरविली. पहिला काळा धूर थोड्याच वेळात विरला. निळा धूर राहिला असता तर इंजिन ऑईल जाळते, आणि पांढरा धूर तापल्यावरही थांबला नसता तर पाणी आत जाते, असा अर्थ. झाकण काढून चालत्या इंजिनावर हात धरला. बॅक कंप्रेशन बेताचे होते.

खरी परीक्षा चोर्ल्याने घेतली. ब्रेक दुरुस्त करून मालकाने दोन आठवड्यांनी आम्हांस पुन्हा बोलाविले, आणि स्वतः बरोबर बसून केरीच्या पुढे घाटात आणले. सपाट रस्त्यावर प्रत्येक गाडी गुणी असते. चढावर तिचे अवगुण बोलू लागतात. भरपूर वळणे चढून झाली तरी तापमानाचा काटा मध्यावर राहिला, आणि तिसऱ्या गिअरमध्ये दाब देता क्लच घसरला नाही. वर गाडी वळविली आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडली. इंजिनाने तिला धरून ठेवले. ब्रेक दाबता ती डावीकडे किंचित ओढू लागली. तेही कागदावर लिहिले गेले.

आता सुतळीची पाळी. बिछान्याची लांबी व डोक्याची उंची जमली. पायरी मात्र गाठीपेक्षा वीतभर उंच निघाली. तेथे घडीची फळी बसवावी लागेल. वजनाचा हिशेबही येथेच करावा. नोंदणी-पुस्तकात रिकाम्या गाडीचे व भरलेल्या गाडीचे वजन दिलेले असते. या गाडीची वजाबाकी सुमारे ९०० किलो आली. पाच माणसे सव्वातीनशे किलो, साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, बारा मिलिमीटर जाडीच्या सहा प्लायवूडच्या फळ्या सव्वाशेच्या आसपास, मोठी बॅटरी पन्नासांवर, आणि गाद्या, शेगडी, भांडी मिळून शंभर. हिशेब बसला, पण फार पैस उरला नाही. ज्यांना सागवानी कपाटे हवीशी वाटतात, त्यांनी ही बेरीज अवश्य करावी.

लोखंड पाहून झाले तरी कागद राहतात, आणि कागदासही गंज लागतो. ही गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची. तिचा परवाना परत करून खाजगी नोंद करावी लागते. पूर्वीच्या कर्जाची नोंद पुस्तकात असेल, तर बँकेच्या पत्रासह ती काढून घ्यावी. परराज्यात न्यावयाची तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, आणि मालकी-बदलासाठी नमुने २९ व ३० लागतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवलेल्या गाडीस तेथील क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी कर किती भरावा लागेल, हे आपल्या परिवहन कार्यालयात आधीच विचारावे. याखेरीज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. आसने काढून बिछाने घालण्यापूर्वी परवानगी घ्यावी, नंतर नव्हे. खिडकीसाठी गाडीचे खांब तर मुळीच कापू नयेत.

आम्ही मालकाशी असे ठरविले : मुदत संपलेले फिटनेस प्रमाणपत्र त्याने स्वतःच्या खर्चाने पुन्हा काढावे, म्हणजे तिसऱ्या माणसाकडूनही गाडीची तपासणी होईल, विसार अल्प द्यावा, आणि उरलेली रक्कम ना-हरकत दाखला हाती आल्यावरच. त्यास तीन महिने लागले. काजू मोहरला तेव्हा गाडी आमच्या अंगणात आली, आणि आता सुतार आत काम करीत आहे. बडोद्याचा प्रवास पावसाळ्यानंतर करावयाचा आहे. मातोश्रींनी गाडीत बसून पाहिले, पायरीबद्दल तक्रार केली, आणि आपली गादी कोणत्या बाजूस असावी हे सुताराला सांगितले.

ज्या कुटुंबांच्या मनात असा बेत असेल, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. गाडीचे वय विचारा, परंतु ती कोठे राहिली हे त्याआधी विचारा. समुद्राकाठी राहिली असेल तर तळ पाहा. बंद पडून राहिली असेल तर रबर पाहा. घाटात चालली असेल तर क्लच व ब्रेक पाहा. दिवसाउजेडी जा, पाऊस पडत असता किंवा गाडी नुकती धुतलेली असता जाऊ नका, कारण ओला पत्रा पुष्कळ झाकतो. जाणता मिस्त्री बरोबर न्या आणि त्याची मजुरी अगोदर ठरवून द्या, म्हणजे सौदा मोडला तरी तो खरे बोलेल.