कालव्याकाठची कच्ची वाट

डांबर संपलं की आधी कानाला कळतं. चाकांची एकसुरी सूं-सूं थांबते, बारीक खडी करकरू लागते आणि हँडलवरची मूठ आपोआप सैल होते. फ्रान्सच्या दक्षिणेत तूलूझ शहरातून निघालेली गुळगुळीत सायकलवाट पोर-लोरागेच्या आसपास, सुमारे 50 किलोमीटरवर, हा सूर बदलते. अनेक जण तिथून माघारी फिरतात. माझं मन मात्र तिथून पुढच्या वाटेवर जडलं आहे. कानाल द्यु मिदी हा 240 किलोमीटरचा कालवा तूलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या तो सरोवरापर्यंत जातो. कधी काळी नावा ओढणारे घोडे त्याच्या काठानं चालत. आज त्याच वाटेवर कुठे खडी आहे, कुठे माती, आणि कुठे गवतातून गेलेली वीतभर रुंदीची चाकोरी.

ग्रॅव्हल बाइक ही अशाच वाटांची सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर चाळीसेक मिलिमीटर जाडीचे आणि त्यांत हवा जरा कमी. तिला नकाशावरच्या जाड रेषा लागत नाहीत. तिला हव्या असतात बारीक, तुटक रेषा. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत त्या रेषा अजून पुष्कळ आहेत. शेतांमधून, द्राक्षमळ्यांच्या बांधांवरून जाणारे कच्चे रस्ते तिथल्या कम्यूनच्या, म्हणजे गावाच्या, मालकीचे असतात आणि वापर सगळ्यांचा असतो. आपल्याकडच्या पाणंदींसारखंच त्यांचंही नशीब. वर्दळ थांबली की शेजारचं शेत दरसाल एकेक तास पुढे सरकतं आणि एके दिवशी वाट उरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनींचं एकत्रीकरण झालं, तेव्हा अशा कित्येक वाटा आणि त्यांच्या कडेची कुंपणझाडं नांगराखाली गेली. त्यामुळे एखादी कच्ची वाट अखंड लागली की ती कुणीतरी आपल्यासाठी राखली आहे, असंच मला वाटतं.

या कालव्याचं मर्म कळतं ते नोरूझच्या खिंडीत. उंची जेमतेम 190 मीटर. चढ आला कधी आणि संपला कधी, पायांना पत्ता लागत नाही. पण खिंडीच्या एका अंगाला पडलेला पाऊस अटलांटिककडे जातो, दुसऱ्या अंगाचा भूमध्य समुद्राकडे. कालव्याचा माथा इथे, आणि माथ्यावरून पाणी दोन्हीकडे उतरत राहणार. मग माथ्यावर पाणी आणायचं कुठून? पिएर-पॉल रिके या गृहस्थानं हे कोडं सोडवलं. बेझिएचा हा माणूस पेशानं मिठावरचा कर गोळा करणारा. त्यानं मोंतान न्वार डोंगरातले ओढे अडवले, सँ-फेरेओलला धरण बांधलं आणि तिथलं पाणी पाटानं नोरूझपर्यंत आणलं. चौदाव्या लुईनं 1666 मध्ये कामाला परवानगी दिली. ऐन भरात बारा हजारांच्या आसपास माणसं राबत होती, असं सांगतात. त्यांत बायकाही होत्या. पावसामुळे काम बंद राहिलं किंवा सण आला, तरी रिके त्या दिवसाची मजुरी देई.

नोरूझहून मी नेहमी त्या पाटाच्या कडेनं वर वळतो. लांबच्या प्रवासाला निघालेल्यांना ही आडवाट वाटेल. मला तीच मूळ वाट वाटते. पाट अंगणाएवढाही रुंद नाही. पाणी वाहतंय हे एखादं पान टाकून बघितल्याशिवाय कळत नाही, इतका त्याचा उतार हलका. टेकडीची समपातळी धरून तो वळणं घेत जातो आणि वाटही त्याच्याबरोबर वळत राहते. ओली माती, ओकची वाळकी पानं, मधूनच एखादं दगडी झडप-दार. आजूबाजूला लोरागे परिसरातली गहू-सूर्यफुलांची शेतं. पंधराव्या-सोळाव्या शतकात इथे पास्तेलची, निळा रंग देणाऱ्या रोपाची, लागवड होती. तूलूझच्या व्यापाऱ्यांचे वाडे त्याच रंगावर उभे राहिले. पुढे पूर्वेकडून गलबतांतून नीळ येऊ लागली आणि हा व्यापार बसला. आता शेतांत तो निळा कुठे नाही. पाट मात्र साडेतीनशे वर्षांनंतरही आपलं काम करतो आहे.

परत कालव्यावर आलं की कास्तेलनोदारी, कार्कासोन, त्रेब अशी गावं लागतात. मधेमधे लॉक येतात. पाण्याची पातळी वर-खाली करून नाव चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या या कोठ्या. त्यांच्या भिंती सरळ नाहीत, पोटात फुगलेल्या आहेत. सुरुवातीच्या सरळ भिंतींपैकी एक मातीच्या रेट्यानं ढासळली, तेव्हा रिकेनं कोठीला अंडाकृती आकार दिला. कमानीसारखी भिंत रेटा पेलते. दगडाचा तो बाक हातानं चाचपून पाहावा. आखून केलेल्या कामात इतकी माया असू शकते, हे तिथे तळव्याला समजतं.

त्रेबच्या परिसरात वाटेवरचं ऊन एकदम वाढतं. कालव्याकाठचे प्लातान, आपल्या काश्मिरी चिनारांचे भाऊबंद, एकोणिसाव्या शतकात लावलेले. एके काळी ते संख्येनं बेचाळीस हजारांच्या घरात होते. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात, त्यांच्या फांद्या पाण्यावर कमान धरतात. 2006 मध्ये या झाडांवर एका बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून तो फ्रान्समध्ये आला, असं मानतात. बुरशी मुळांतून शेजारच्या झाडात जाते, पाण्याबरोबर पुढच्या गावाला जाते. लागण झाली की इलाज नाही. झाड तोडायचं आणि जाळायचं. किलोमीटरच्या किलोमीटर काठ असे उघडे पडले आहेत. तिथे सायकल टेकवून मी खाली बसतो. ठेंगण्या, काठीला बांधलेल्या रोपांची रांग, प्रत्येकाच्या बुंध्याशी मातीचं आळं, आळ्यात मुरत चाललेलं पाणी. पुन्हा एकच रोग सगळ्यांना गिळू नये म्हणून आता एका जातीवर भिस्त नाही. ओकची आणि इतर वेगवेगळी झाडं लावली जातात. ज्यांनी ही आळी केली, त्यांतल्या बहुतेकांना या झाडांची पुरती सावली मिळणार नाही. रिके 1680 च्या ऑक्टोबरमध्ये गेला आणि कालवा खुला झाला 1681 च्या मे महिन्यात. या काठावर दुसऱ्यासाठी काम करण्याची रीत जुनीच आहे.

पुढे ल सोमाय येतं. प्रवासी नावांचा इथे रात्रीचा मुक्काम असे. मग मालपास. इथे कालवा टेकडीच्या पोटात शिरतो. 1679 चा हा बोगदा, नावांच्या कालव्यासाठीचा जगातला पहिला मानला जाणारा. सायकलवाट टेकडीवरून चढते आणि आँसेरूनच्या माथ्यावरून मोंताडीचं जुनं तळं दिसतं. तेराव्या शतकात दलदल उपसून केलेली शेतं, मध्यावरून निघालेल्या चरांनी पाचरींसारखी विभागलेली. त्या तळ्याचं पाणी नेणारा मध्ययुगीन बोगदा, रिकेचा बोगदा आणि नंतरचा रेल्वेचा बोगदा, असे तीन काळ या एकाच टेकडीखाली वेगवेगळ्या पातळ्यांवर आहेत. तिथून उतरताना मी ब्रेक दाबूनच उतरतो. एवढ्या काळावरून भरधाव जाववत नाही.

या वाटांवर पाणी कुठे मिळतं, तर दफनभूमीत. दुपारी गावं मिटलेली असतात, पाव-दुकानाचं दार बंद असतं, पण दफनभूमीच्या भिंतीलगत फुलझाडांसाठी नळ असतो. पिण्याचं नाही अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्यावी आणि फाटक ओढून घ्यावं.

तुमचं कधी तिकडे जाणं झालं, तर डांबर संपल्यावर माघारी फिरू नका. पावसानंतर माती वाळू द्या, ओल्या वाटेवर चर पाडू नका. पायी येणाऱ्याला आधी वाट द्या आणि मोकळेपणानं ‘बोंजूर’ म्हणा. झाडं गेलेला उन्हाचा टप्पाही चुकवू नका, तिथल्या रोपांनाही आपली वर्दळ हवी. कच्ची वाट दुरुस्तीनं जेवढी टिकते, त्याहून अधिक ती वापरानं टिकते.